आधी साधा फोटो

२ जून

पोचलो एकदाचे. टेम्पोवाल्याने वाटेत दोनदा चहा घेतला आणि एकदा रस्ता चुकवला, पण सामानातली एकही काच फुटली नाही, म्हणून त्याला सगळं माफ. स्टुडिओ मला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी चांगला निघाला. पुढे दुकान, मध्ये फोटो काढायची मोठी खोली, मागे स्वयंपाकघर आणि झोपायच्या दोन खोल्या. मोठी खिडकी उत्तरेला आहे, म्हणजे दिवसभर सारखा मऊ उजेड. अशा खिडकीसाठी मी आयुष्यभर दुसऱ्यांचे स्टुडिओ बघून जळले आहे. आता दुसऱ्यांनी जळावं.

मालक म्हातारे आहेत आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळे. मालकीणबाई त्यांना हाताला धरून किल्ल्या द्यायला घेऊन आल्या. बाईंचे डोळे इतके सुंदर की मी खुळ्यासारखी बघतच राहिले. शोकेसमध्ये त्यांचाच तरुणपणीचा फोटो लावलाय, तो काढू नका एवढंच त्या म्हणाल्या. मालकांचं म्हणणं निराळंच. कॅमेऱ्याला काय हवं ते लावा, पण प्रत्येक माणसाचा पहिला फोटो उघड्या लेन्सने काढायचा, वर कसलीही काच नको. आधी साधा, मग सजवलेला. माझा हात धरून त्यांनी तीन-चारदा सांगितलं. मी हो हो म्हटलं. आमच्या धंद्यात प्रत्येक म्हाताऱ्याची एकेक खोड असते.

बाबाही सोबत आहेत. प्रवासाने दमलेत, झोपलेत.

५ जून

सामान लावून झालं. लोक कॅमेऱ्यापायी कर्ज काढतील, पण ट्रायपॉड घ्या म्हटलं की त्यांना घाम फुटतो. आणि मग फोटो हलला की माझ्याकडे येतात. माझा ट्रायपॉड जुना आहे, पण मधल्या आकड्याला विटेची पिशवी लटकवली की वाऱ्याच्या बापानेही हलत नाही. कॅमेऱ्याला हात न लावता फोटो काढायचं वायरचं बटण आहे. लेन्सवर आडवा उजेड पडू नये म्हणून काळं हूड आहे. फ्लॅशवर चढवायची पांढरी टोपी आहे, ती नसली की माणसाचं कपाळ चमच्यासारखं चमकतं. धूळ उडवायचा रबरी फुगा आहे. धूळ आधी फुग्याने उडवायची आणि मगच फडक्याने पुसायचं, नाहीतर काचेवर ओरखडे. हे मी शेजारच्या टेलरला इतक्या वेळा ऐकवलं की आता तो मला बघून शिलाई मशीनवर फुंकर मारतो.

कॅमेऱ्यातून एक लांब केबल थेट मोठ्या पडद्याला जोडली आहे. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांना काढलेला फोटो त्याच क्षणी एवढा मोठा दिसतो. त्यावर गिऱ्हाईक फार खूश.

बाबा पुढच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना मागे बसा म्हणाले. उजेड चांगला आहे म्हणाले.

९ जून

आता लिहितेच. स्वतःच्या वहीत कसली चोरी?

दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला. हातपाय वाचले, पण तोंडाची उजवी बाजू उतरली. ओठ खाली लोंबतो, त्यातून लाळ गळते, शब्द चघळल्यासारखे बाहेर येतात. आणि बाबांना बोलायची हौस दांडगी, आधीही आणि आताही. कोणी आलं की हे मोठ्याने स्वागत करणार, मला हाक मारणार, साहेब, गिऱ्हाईक आलंय. दुकान चालू केल्यापासून मी त्यांची साहेब. मग स्वतःच हसणार, आणि हसले की तोंड आणखी वाकडं होतं. येणारी बाई आधी बाबांकडे बघते, मग पटकन माझ्याकडे, आणि तिच्या नजरेत जी कीव असते ती मला सहन होत नाही. मी रुमाल घेऊन जाते आणि भिंतीकडे बघत त्यांचं तोंड पुसते.

मला माझ्या बापाची लाज वाटते. लिहिलं. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

१२ जून

मालकांच्या खणात जुन्या काचांचा खजिना सापडला. लेन्सवर फिरवून बसवायचे फिल्टर, पन्नासएक तरी असतील. पिवळे, निळे, पाण्यावरची चमक घालवणारे, जवळचं मोठं करणारे. त्यात एक बिनरंगाचा, पितळी कडीचा आहे, कोणत्या कामाचा ते त्यावर लिहिलेलं नाही. लावून बघितला आणि थक्क झाले. चेहरा मऊ येतो, पण धूसर होत नाही. डाग जातात, डोळ्यांखालचं काळं जातं, माणूस मात्र तोच राहतो.

टेलरच्या बायकोचा काढला. आधी साधा, मग या काचेने. नियम म्हणजे नियम, मालक बिचारे तेवढंच तर म्हणाले होते. पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी बघून ती हरखलीच. नवऱ्याला म्हणाली, बघा, ही मी आहे, तुम्हाला कधी दिसलेच नाही.

१६ जून

पितळी काचेने कमाल केली आहे. रोज रांग असते. प्रत्येकाचा आधी साधा काढते, मग काचेचा. साधा काढला की लोक नाक मुरडतात आणि दुसरा बघून खुलतात, म्हणजे धंद्याच्या दृष्टीनेही म्हाताऱ्याची खोड फायद्याचीच.

बाबा म्हणाले, माझाही एक काढ की, आत्याला पाठवू. आत्या म्हणजे त्यांची बहीण, तिने त्यांना आजारानंतर बघितलेलं नाही. मी उद्या म्हटलं. कालही उद्याच म्हटलं होतं.

१८ जून

आज काढला बाबांचा फोटो.

ते स्वतःच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत जाऊन बसले. नेमकी बाकावर बँकेतली बाई, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई आपल्या नंबराची वाट बघत बसलेली. काचेचा फोटो चांगला येईल हे मला माहीत होतं. पण आधी साधा काढायचा म्हणजे बाबांचं तोंड, त्या ओठासकट, त्या लाळेसकट, भिंतीएवढं होऊन त्या तिघांसमोर येणार. बाई आधीच चुळबुळत होत्या. मी काच काढलीच नाही. पहिलाच फोटो काचेने काढला. तोही कॅमेऱ्यातून न बघता, वायरचं बटण हातात धरून, बँकेतल्या बाईशी तिच्या पदराबद्दल बोलत.

पडद्यावर बाबा आले. सरळ ओठांचे, रुबाबदार, मी शाळेत असताना मला न्यायला येत तसे. सासूबाई म्हणाल्या, काय देखणे आहेत हो तुमचे वडील. मला इतका आनंद झाला की लगेच फोटो फ्रेम करून शोकेसमध्ये लावला.

बाबांनी नंतर विचारलं, माझा साधा नाही काढलास? मी म्हटलं, विसरले.

२१ जून

काय लिहू. बाबांचं तोंड सरळ झालं आहे.

परवा लाळ थांबली. काल शब्द सुटे यायला लागले. आज सकाळी त्यांनी आरशासमोर उभं राहून शीळ घातली. दोन वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, क्वचित होतं असं, उशिरा सुधारतं. बाबांनी मला मिठी मारली आणि आम्ही दोघं दुकानातच रडलो. टेलर चहा घेऊन आला आणि तोही रडला, का ते त्यालाच माहीत.

आता बाबा दारात बसले तरी मला काही वाटत नाही. उलट मीच खुर्ची पुढे सरकवून दिली. सरकवताना मनात चरकलं.

२४ जून

सकाळी चहा माझ्या हनुवटीवरून ओघळला. हसले आणि पुसला. दुपारी पाण्याचंही तसंच झालं. दमणूक, दुसरं काय.

बाबा फोनवर आत्याशी तासभर बोलत होते. गाणं म्हणून दाखवत होते.

२६ जून

मी गिऱ्हाईक बाईंना हनुवटी वर करा म्हणाले, त्यांना कळलं नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मलाच माझे शब्द ऐकू आले. चघळल्यासारखे.

आरशात बघितलं. उजवा ओठ.

मला तो ओठ ओळखता आला नाही असं कसं म्हणू. दोन वर्षं रोज पुसला आहे, न बघता.

२८ जून

मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. डोक्याचा फोटो काढला, रक्त काढलं. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले झटका नाही, गाठ नाही, त्यांना कारण सापडत नाही. बाबा म्हणाले, मला होतं तसंच दिसतंय, बरोबर त्याच बाजूला. डॉक्टर म्हणाले, घराण्यात असेल.

घराण्यात. बाबांना होतं तेव्हा मला कसं नव्हतं? बाबांचं गेलं आणि माझं आलं. मी गाडीत तोंडावर ओढणी धरून बसले होते. बाबांनी ती हळूच खाली ओढली. वारा लागू दे म्हणाले.

३० जून

वाढतंय. उजवा डोळा नीट मिटत नाही. पेन धरताना बोटं आखडतात — बाबांची बोटं कधीच आखडली नव्हती. त्यांचं नुसतं तोंड होतं.

दुकानात जायचं बंद केलं. मागच्या खोलीत बसते, भिंतीकडे तोंड करून. बँकेतली बाई फोटो न्यायला आली तेव्हा मी श्वाससुद्धा रोखून धरला. बाबा आत आले, माझी खुर्ची माझ्यासकट फिरवली, हाताला धरून पुढे नेलं आणि दारातल्या उजेडात बसवलं. बाईंना म्हणाले, ही माझी मुलगी, हे सगळे फोटो हिने काढलेत. अभिमानाने म्हणाले. माझी लाळ त्यांनी पुसली. माझ्याकडे बघत पुसली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजाराने नाही. ते बघत होते, त्याने.

२ जुलै

मालकांना फोन लावला. माझं बोलणं कोणाला कळत नाही, म्हणून बाबा बोलले. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. आम्ही दोघांनीही सगळं ऐकलं. आठवतं तसं लिहिते, हात चालतोय तोवर.

 मालक रडायला लागले. म्हणाले, साधा काढला नाहीत ना.

त्यांच्या बायकोचा एक डोळा तिरळा होता. थोडासाच. लग्नानंतर तिचा पहिला फोटो त्यांनी पितळी काचेने काढला, साधा काढलाच नाही, कारण तो डोळा मोठ्या कागदावर बघवला नसता. काचेपुढून जे जातं ते काचेमागे उभ्या असलेल्याकडे येतं, म्हणाले. आणि येताना वाढून येतं. तिचा एक डोळा तिरळा होता, यांचे दोन्ही गेले. आधी उघड्या लेन्सने काढलं असेल तर काच नुसतीच काच असते, कोणाचं काही जात नाही. माणूस आधी आहे तसा घ्यावा लागतो, एवढंच काचेचं मागणं.

बाबांनी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही. मालक म्हणाले, कोणत्या तोंडाने सांगू की मला बायकोकडे बघवत नव्हतं? तिला अजून माहीत नाही. आणि खणातली नेमकी कोणती काच ते मला आता दिसत नाही. म्हणून सगळ्याच काचांना तो नियम लावला.

बाबांनी विचारलं, हे परत जातं का. शांतपणे विचारलं, गाडी किती वाजता आहे तसं.

जातं, मालक म्हणाले. त्याच काचेने, उलट तुम्ही तिचा फोटो काढला की. पण आणखी वाढून. दुसऱ्या फेरीत काय होईल ते मला माहीत नाही. माणूस उरेल असं मला वाटत नाही.

जातं हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. माणूस उरणार नाही हे नंतर आलं. आधी आलं — म्हणजे माझं बरं होईल.

एवढंसंच. एक श्वासभर. पण बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना ते दिसलं.

२ जुलै, संध्याकाळ

काच फोडा म्हणून खुणा केल्या. रोज सहज निघायची, आज लेन्सवर घट्ट बसलीय, निघत नाही. पकड यावी म्हणून रबर लावून बघितलं. माझ्या बोटांत जोरच नाही. बाबा म्हणाले, उद्या फोडतो साहेब, तू जेव. लेन्स खिशात घातली.

जेवताना मला भरवलं. शीळ घालत भांडी घासली.

मी रडले तर ते म्हणाले — तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? भिंतीकडे बघून पुसायचीस ते? म्हणाले, अगं, पुसायचीस तर खरी.

३ जुलै

सकाळ. उजवा हात गेला. डाव्याने लिहितेय. अक्षर —

बाबांनी दुकान उघडलं नाही. दाढी केलीय. इस्त्रीचा सदरा. मला उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. उत्तरेचा उजेड. वही मांडीवर. लिही म्हणाले, लिहिताना तू छान दिसतेस.

ट्रायपॉड लावतायत. मी शिकवलं तसा. वीट लटकवली.

लेन्स खिशातून काढली. काच तशीच. धूळ उडवली, आधी फुग्याने —

ओरडता येत नाही. आवाज निघतो, शब्द नाही. ते म्हणतात हो हो.

उठता येत नाही. पाय नाही.

खणात दुसरी लेन्स आहे. उघडी. बाबा, ती लावा. साधा काढा. मग काही जात नाही. माझं माझ्याकडे राहू दे. मला चालेल. लोकांनी बघू दे. खरंच चालेल —

हे मोठ्या अक्षरात लिहून वही वर धरायची. डावा हात वर जातो. जातोय. तेवढं तरी —

हळू होतंय. मी मुद्दाम हळू लिहितेय का

नाही. नाही

वायरचं बटण त्यांनी घेतलेलं नाही. डोळा लावून बघतायत. सरळ माझ्याकडे. हसतायत

बाबा आधी साधा काढा
बाबा आधी साधा
बाबा आधी सा